समीक्षा चित्रपटाआधी वाचावी की नंतर?

तिसरी घंटा (धागाकर्ता)

नवा चित्रपट लागला की माझ्या ओळखीतल्या माणसांचे दोन तट पडतात. एका तटातली मंडळी चार ठिकाणच्या समीक्षा वाचतात, तारे मोजतात आणि मगच तिकीट काढायचे की नाही हे ठरवतात. दुसऱ्या तटाला समीक्षक हा प्राणीच सहन होत नाही. समीक्षकांनी ज्याला झोडपले तो चित्रपट हमखास बघण्याजोगा असतो, अशी त्यांची श्रद्धा असते. मी या दोन्हींत बसत नाही. चित्रपट पाहण्याआधी मी समीक्षेची एकही ओळ वाचत नाही, मात्र पाहून आल्यावर मिळेल ते सगळे वाचून काढतो.

पूर्वी मी वाचून जात असे. ‘मध्यंतरानंतर चित्रपटाची पकड सुटते’ एवढे एक वाक्य वाचलेले असले, की मध्यंतरानंतर मी चित्रपट पाहत नसे, पकड केव्हा सुटते याची वाट पाहत बसे. आणि वाट पाहणाऱ्याला ती सुटलेली दिसतेच. ‘नायिकेचे काम अप्रतिम’ असे वाचले असेल, तर तिच्या पहिल्या प्रवेशापासून त्या अप्रतिमाचा शोध सुरू होई. माझ्या आणि पडद्याच्या मधोमध कोणी तिसराच माणूस बसलेला असे. चित्रपट पाहून झाल्यावर तीच समीक्षा वाचली, तर तो माणूस शेजारच्या खुर्चीवर येतो आणि त्याच्याशी नीट भांडता येते.

तुम्ही समीक्षा केव्हा वाचता? वाचल्यामुळे तुमचे आधी झालेले मत कधी बदलले आहे का? आणि न पटलेल्या समीक्षेचा आपल्याला एवढा राग का येतो, यावरही वाचायला आवडेल.

कोरडी शाई

मी काही वर्षे एका दैनिकासाठी चित्रपट समीक्षा लिहिली आहे, त्यामुळे पलीकडच्या बाजूने थोडे लिहिते.

तुमचे म्हणणे रसिक म्हणून मला मान्य आहे, पण दैनिकातली समीक्षा तशी लिहिलीच जात नाही. तिचा वाचक चित्रपट न पाहिलेला आहे असे गृहीत धरूनच ती लिहावी लागते. कथा सांगायची, पण फोडायची नाही; कोणाला आवडेल हे सुचवायचे; आणि हे सगळे ठरलेल्या शब्दांत बसवायचे. आमच्याकडे जाहिरात वाढली की मजकूर खालून कापला जाई, आणि मी तर चांगल्या बाजू बहुधा शेवटच्या परिच्छेदात लिहीत असे. सकाळी अंक हातात आल्यावर आपण एवढे कठोर कसे झालो, याचा मलाच अचंबा वाटायचा. मथळाही आमचा नसे.

काळोखात वहीकडे न पाहता टिपणे काढावी लागतात. ओळीवर ओळ चढते. घरी येऊन पाहावे तर ‘जिना, पाणी, पुन्हा तोच हात’ असे काहीतरी लिहिलेले सापडते, आणि तो हात कोणाचा होता हे आठवण्यात निम्मी रात्र जाते. त्यातून तारे द्यायचे. अडीच की तीन, यावर मी जितकी तगमग केली आहे तितकी मजकुरावरही केली नसेल, कारण बहुतेक वाचक तारे पाहून पान उलटतात हे मला ठाऊक होते.

रिकामटेकडा

मी समीक्षा चित्रपटाऐवजी वाचतो. वेळ आणि तिकीट दोन्ही वाचतात, शिवाय चारचौघांत मत देता येते.

अवलोकन

रिकामटेकडा, तुमच्या पंथाचे लोक पुष्कळ आहेत, फक्त ते कबूल करत नाहीत.

मत बदलण्याच्या प्रश्नावर एक उदाहरण देतो, कारण त्यात खुद्द समीक्षकाचेच मत बदलले आहे. १९६७ साली ‘बॉनी अँड क्लाइड’ हा अमेरिकी चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सचे ज्येष्ठ समीक्षक बॉस्ली क्राउदर यांनी त्याच्यावर कडाडून टीका केली, आणि एकदा करून थांबले नाहीत. न्यूजवीक साप्ताहिकाचे जोसेफ मॉर्गनस्टर्न यांनीही तो झोडपला होता. पुढे त्यांनी तोच चित्रपट तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांबरोबर पुन्हा पाहिला, आणि लगेच पुढच्या अंकात आपले आधीचे मत मागे घेतले. त्याच सुमारास पॉलीन केल यांचा चित्रपटाची बाजू घेणारा प्रदीर्घ लेख न्यूयॉर्कर या साप्ताहिकात आला आणि १९६८ पासून त्या तिथल्या नियमित समीक्षक झाल्या. क्राउदर यांची कारकीर्द मात्र त्याच सुमारास आटोपली.

मॉर्गनस्टर्न यांनी पुन्हा पाहिला तो चित्रपट तोच होता. बदलले होते ते शेजारी बसलेले लोक. ‘समीक्षक विरुद्ध प्रेक्षक’ अशी मांडणी आपण करतो तेव्हा समीक्षकही प्रेक्षागृहात बसलेला एक माणूस असतो, हे विसरतो.

शेवटची रांग

अवलोकन यांचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. विनोदी चित्रपट रिकाम्या प्रेक्षागृहात पाहून बघा. जिथे हशा अपेक्षित आहे तिथे दिग्दर्शकाने जागा सोडलेली असते, पात्र क्षणभर थांबते, आणि त्या थांबण्यात कोणी हसलेच नाही तर ती शांतता अंगावर येते. भरलेल्या प्रेक्षागृहात तीच जागा हशाने भरून जाते आणि पुढच्या वाक्याचा पहिला शब्द ऐकूसुद्धा येत नाही. समीक्षकांसाठी वेगळा खेळ ठेवला की ओळीत दोन माणसे, हाताची घडी, आणि प्रत्येकाला लिहायची घाई. तिथे विनोदाचे काय होणार?

रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याला हे पक्के ठाऊक असावे. १९६० मध्ये ‘सायको’ लागला तेव्हा त्याने समीक्षकांसाठी आगाऊ खेळ ठेवलाच नाही. त्यांना सर्वांबरोबर बसून पाहावा लागला, आणि खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही असा नियमही केला. काही समीक्षक त्यामुळे नाराज झाले आणि सुरुवातीच्या समीक्षा संमिश्रच आल्या. प्रेक्षकांनी मात्र रांगा लावल्या. वर ज्यांचा उल्लेख आला त्याच क्राउदर यांनी आधी बेताचे लिहिले आणि वर्षाअखेरीस आपल्या दहा उत्तम चित्रपटांच्या यादीत त्याला जागा दिली.

सायंतारा

उदाहरणे रंजक आहेत, पण त्यांच्या निवडीत एक गफलत आहे. समीक्षक तोंडावर आपटले ते किस्से टिकून राहतात, कारण तो चित्रपट टिकून राहिलेला असतो. समीक्षकांनी ‘टाकाऊ आहे’ म्हटले आणि तो खरोखरच टाकाऊ निघाला, असे शेकडो चित्रपट दरवर्षी येऊन जातात. त्यांचे किस्से कोण सांगणार?

आणि चुकतात ते काय फक्त समीक्षक? ‘काग़ज़ के फूल’ १९५९ साली प्रेक्षकांनी साफ नाकारला. भारतातला पहिला सिनेमास्कोप (रुंद पडद्याचा) चित्रपट म्हणून त्याची नोंद होते, आज त्यातल्या प्रकाशयोजनेवर लोक तासन्‌तास बोलतात, पण त्या अपयशानंतर गुरुदत्त यांनी दिग्दर्शक म्हणून स्वतःचे नाव पुन्हा पडद्यावर येऊ दिले नाही. ‘जनता जनार्दन’ म्हणणाऱ्यांनी हेही हिशोबात धरावे.

मध्यंतर

‘जनता जनार्दन’ हे तिकीटबारीवर गर्दी असेपर्यंतच म्हणायचे असते. गर्दी ओसरली की तीच जनता अरसिक ठरते.

आकडेमोड

सगळा घोळ आकड्यांनी केला आहे असे माझे मत आहे, आणि माझे टोपणनाव पाहता ते मीच म्हणावे हे योग्य.

रॉटन टोमॅटोज हे संकेतस्थळ १९९८ पासून आहे. त्यावरची टक्केवारी म्हणजे चित्रपटाला मिळालेले गुण, असे बहुसंख्य लोक समजतात. ती गुणांची टक्केवारी नाहीच. किती टक्के समीक्षकांचे मत एकंदरीत अनुकूल आहे, एवढेच ती सांगते, आणि साठ टक्के किंवा त्याहून अधिक झाले की चित्रपट ‘ताजा’ ठरतो. आता शंभर समीक्षकांनी ‘ठीक आहे, एकदा पाहायला हरकत नाही’ असे म्हटले तर त्या चित्रपटाला शंभर टक्के मिळतील. दुसऱ्या चित्रपटाला साठ जणांनी ‘दशकातली थोर कलाकृती’ म्हटले आणि चाळीस जणांनी ‘असह्य’ म्हटले तर त्याला साठ मिळतील. यातला कोणता चित्रपट पाहावा असे मला विचाराल तर मी दुसऱ्यालाच जाईन. ज्याच्यावरून माणसे भांडतात त्यात काहीतरी असते. ज्याला सगळे माना डोलावतात तो पुष्कळदा घरी पोहोचेपर्यंत विसरला जातो.

प्रेक्षकांचे आकडेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. अमेरिकेत सिनेमास्कोअर नावाची संस्था प्रदर्शनाच्या पहिल्या रात्री प्रेक्षागृहातून बाहेर पडणाऱ्यांकडून श्रेणी भरून घेते. पहिल्याच रात्री जाणारा माणूस मुळात आवडून घ्यायच्या तयारीने गेलेला असतो, त्यामुळे तिथे बहुतेकांना बऱ्या श्रेणी मिळतात. तरीही २०१७ च्या ‘मदर!’ला तिथे ‘एफ’ ही नीचतम श्रेणी मिळाली, आणि त्याच वेळी दोनतृतीयांश समीक्षकांचे मत त्याच्या बाजूने होते. लोक भयपट समजून गेले आणि समोर आले एक अवघड, रूपकांनी भरलेले दुःस्वप्न. त्या श्रेणीने चित्रपटाचा दर्जा मोजला, की जाहिरातीने दिलेले आणि न पाळलेले वचन मोजले?

कोरडी शाई

ताऱ्यांबाबत आणखी एक गोष्ट. चित्रपट समीक्षेसाठी पुलित्झर हा अमेरिकी पत्रकारिता पुरस्कार मिळवणारे पहिले समीक्षक रॉजर इबर्ट (वर्ष १९७५) यांनी वारंवार सांगून ठेवले होते की तारे सापेक्ष असतात. मारधाडीच्या चित्रपटाला दिलेले साडेतीन तारे हे दुसऱ्या मारधाडीच्या चित्रपटाच्या तुलनेत असतात. शेजारच्या स्तंभातल्या कौटुंबिक शोकांतिकेच्या तुलनेत नव्हे. मीही हेच करत असे. पण वाचकांची पत्रे नेमकी ‘त्याला साडेतीन आणि याला तीनच?’ अशी येत. दोन चित्रपटांमध्ये कसलेही साम्य नसले तरी तुलना व्हायचीच, कारण अंक तुलनेसाठीच असतात असे आपल्याला शाळेपासून शिकवलेले असते.

रिकामटेकडा

समीक्षकच विकत घेता येत असताना तारे कशाला मोजता, असे एक नम्र निवेदन करतो.

आकडेमोड

विकत घेण्यापेक्षा स्वस्त उपाय सोनी या चित्रपट कंपनीच्या प्रसिद्धी विभागाने शोधला होता. त्यांनी समीक्षक तयारच केला. डेव्हिड मॅनिंग या नावाने त्यांच्या जाहिरातींत स्तुतीची वाक्ये छापून येत होती आणि नावापुढे एका छोट्या, खरोखर अस्तित्वात असलेल्या साप्ताहिकाचे नाव असे. २००१ मध्ये न्यूजवीकने हे उघड केले. त्या साप्ताहिकाला या नावाचा समीक्षक माहीतच नव्हता. पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये तडजोड होऊन, ते चित्रपट पाहिलेल्या प्रेक्षकांना तिकिटामागे पाच डॉलर परत देण्याचे ठरले. चित्रपट आवडला नाही म्हणून पैसे परत मिळण्याच्या इतक्या जवळ प्रेक्षक क्वचितच पोहोचला असेल.

मध्यंतर

एकही चित्रपट न पाहता नियमित लिहिणारा समीक्षक! रिकामटेकडा, तुमचे कुलदैवत सापडले.

पानगळ

थट्टा बाजूला ठेवून एक मुद्दा मांडते. आता बनावट समीक्षकाची गरजच राहिलेली नाही, कारण प्रेक्षकांचे बनावट अभिप्राय हजारोंनी तयार करता येतात, स्तुतीचेही आणि निंदेचेही. एखाद्या कलाकाराचे वक्तव्य आवडले नाही म्हणून त्याच्या चित्रपटाला प्रदर्शनाआधीच एक तारा देणाऱ्यांच्या झुंडी आपण पाहिल्या आहेत. याच कारणाने रॉटन टोमॅटोजने २०१९ मध्ये प्रदर्शनापूर्वीचे अभिप्राय बंद केले आणि तिकीट घेतल्याची खातरजमा झालेल्या प्रेक्षकांची मते वेगळी दाखवायला सुरुवात केली. आपल्याकडे केरळ उच्च न्यायालयापुढेही हा विषय गेला, आणि न्यायालयाला साहाय्य करणाऱ्या वकिलांनी २०२४ मध्ये सुचवले की प्रदर्शनानंतरचे ४८ तास व्हिडिओ समीक्षकांनी संयम पाळावा.

मला ही सूचना पटत नाही. ४८ तासांत पहिला शनिवार-रविवार निघून जातो आणि वाईट चित्रपटाचा गल्ला तेवढ्यात भरतो. ज्याने तिकीट काढून चित्रपट पाहिला त्याला ‘कसा होता’ हे सांगायला दोन दिवस थांबायला लावणे हा कुठला न्याय? पण झुंडीचे काय करायचे, याचे उत्तर माझ्याजवळही नाही.

सायंतारा

पहिल्या शनिवार-रविवारचे म्हणाल तर त्यावर समीक्षेचा फारसा परिणाम होत नाही असे एक जुने संशोधन आहे. एलियाशबर्ग आणि शुगन या दोघांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की समीक्षा आणि सुरुवातीच्या आठवड्यांची कमाई यांचा संबंध क्षीण असतो, पण नंतरच्या आठवड्यांची आणि एकूण कमाई यांच्याशी तो चांगला जुळतो. समीक्षेने लोकांना थांबवले किंवा ओढले असते तर परिणाम आधी दिसायला हवा होता. त्यामुळे समीक्षक लोकमत घडवत नाहीत, त्याचा अंदाज तेवढा वर्तवतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. अर्थात तो काळ घरोघरी आंतरजाल येण्यापूर्वीचा.

अवलोकन

हा अंदाजही दरवेळी बरोबर येत नाही. १५ ऑगस्ट १९७५ रोजी ‘शोले’ लागला तेव्हा समीक्षा थंड होत्या, व्यवसायातले जाणकार तो पडला असे म्हणू लागले होते, आणि पहिल्या दिवसांत प्रेक्षकही मुकाट बसून पाहत होते असे सांगतात. पुढे तोंडी प्रसिद्धीने काय झाले हे मी सांगायची गरज नाही. एका चित्रपटगृहात तो पाच वर्षांहून अधिक चालला. ती सुरुवातीची शांतता नापसंतीची नव्हती, हे तेव्हा कोणालाच कळले नाही.

अनवट

राग का येतो, हा धागाकर्त्यांचा तिसरा प्रश्न सगळ्यांनी वाऱ्यावर सोडला आहे, म्हणून लिहितो.

मी एका चित्रपटाच्या शेवटी मनापासून रडलो होतो. दुसऱ्या दिवशी एका नामांकित समीक्षकाने लिहिलेले वाचले की शेवट ‘प्रेक्षकांच्या डोळ्यांतून हुकमी पाणी काढण्यासाठी बेतलेला’ आहे. मला जो राग आला तो चित्रपटाच्या वतीने नव्हता. माझे डोळे पुसून झाले होते आणि कोणीतरी येऊन सांगत होते की तुम्हाला फसवले, आणि तुम्ही फसलात. चित्रपट वाईट आहे असे म्हटले असते तर मी खांदे उडवले असते. ‘तुमची भावना स्वस्तात मिळवली’ असे म्हटल्यावर मात्र ते व्यक्तिगत होते.

समीक्षकाने चित्रपटाविषयी लिहावे, तो आवडलेल्या माणसांविषयी लिहू नये. ‘डोके घरी ठेवून जा’ हे वाक्य मी ज्या समीक्षेत वाचतो, तिथेच वाचणे थांबवतो.

सायंतारा

अनवट, तुमच्याशी अर्धी सहमत आहे. माणसांचा उपमर्द नको, हे मान्य. पण ‘शेवट हुकमी पाणी काढण्यासाठी बेतला आहे’ हे विधान चित्रपटाविषयीच आहे. संगीत कुठे चढवले, लहान मूल नेमके केव्हा चौकटीत आणले, घाव किती वेळा दाखवला, हे तपासूनच ते म्हणता येते. तुम्ही रडलात हे खरे, आणि तुम्हाला रडवण्यासाठी यंत्रणा लावली होती हेही खरे असू शकते. मीसुद्धा अशा ठिकाणी रडते आणि रडता रडता चिडते.

अनवट

यंत्रणा तर प्रत्येक चित्रपटात असते. समीक्षकाला आवडलेल्या चित्रपटात तिला ‘संयत मांडणी’ म्हणतात.

कोरडी शाई

अनवट यांचे शेवटचे वाक्य मी कारकिर्दीच्या सुरुवातीलाच वाचायला हवे होते.

वाटसरू

समीक्षेने माझे मत बदलले नाही, पण पाहणे बदलले, त्याचे एक उदाहरण देतो. पुढे हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’चे रहस्य फुटणार आहे. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी हा परिच्छेद गाळावा, जरी चित्रपट १९५८ चा असला तरी.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी वैतागलो होतो. चित्रपट बराच शिल्लक असताना, नायक जिच्या मागे लागलेला असतो ती स्त्री एकटी खोलीत बसून पत्र लिहिते, त्या पत्रातून सगळा कट आपल्याला कळतो, आणि मग ती पत्र फाडून टाकते. मला वाटले, रहस्यच सांगून टाकले, आता उरले काय? नंतर एका जुन्या लेखात वाचले की तिथून पुढे चित्रपट कोणाचा होतो ते पाहा. तोवर आपण नायकाच्या नजरेने तिला पाहत असतो. पत्रानंतर जे नायकाला ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक असते, आणि तो तिला कपडे, केसांचा रंग, केसांची बांधणी बदलायला लावतो तेव्हा आपण तिच्या जागी उभे असतो. ती शेवटी हवी तशी सजून हिरवट उजेडातून पुढे येते, तेव्हा त्याला स्वप्न पुरे झाल्यासारखे वाटते आणि आपल्याला भीती वाटते. दुसऱ्यांदा पाहताना पत्राच्या प्रसंगाला मी अक्षरशः पुढे सरकून बसलो.

त्या काळच्या अनेक समीक्षकांनीही तो बेताचाच मानला होता. साइट अँड साउंड या नियतकालिकाच्या दर दहा वर्षांनी होणाऱ्या समीक्षकांच्या मतदानात २०१२ साली तो पहिला आला. आता हा लेख मी आधी वाचला असता तर? मला वाटते, मी पहिल्यांदा वैतागलो नसतो, आणि वैतागलो नसतो तर मला तो लेख कळलाही नसता.

मध्यंतर

म्हणजे समीक्षा वाचण्याची योग्य वेळ पहिल्या आणि दुसऱ्या पाहण्याच्या मधली. माझ्यासारख्यांनी एकदाच पाहायचे ठरवले तर काय करावे?

पानगळ

एक छोटी पुरवणी जोडते. ‘सामान्य प्रेक्षक आणि जाणकार’ ही विभागणीही तितकीशी खरी नाही. १९६० साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात आंतोनिओनी या इटालियन दिग्दर्शकाच्या ‘लाव्हेंतुरा’ची टर उडवणारे प्रेक्षक हे महोत्सवाला आलेले निवडक लोक होते. दुसऱ्याच दिवशी काही दिग्दर्शक आणि समीक्षकांनी मिळून चित्रपटाच्या बाजूने निवेदन काढले, त्याला परीक्षकांचे पारितोषिक मिळाले, आणि दोन वर्षांनी तो साइट अँड साउंडच्या मतदानात दुसऱ्या क्रमांकावर होता. हुर्यो करणारे आणि उचलून धरणारे एकाच वर्तुळातले.

तिसरी घंटा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. वाटसरू यांनी माझ्या मनातले माझ्यापेक्षा चांगले मांडले. कोरडी शाई यांचा आक्षेप मात्र मला मान्य करावा लागतो. दैनिकातली समीक्षा आणि मी ज्याला समीक्षा म्हणतो आहे तो लेख, ही दोन कामे वेगळी आहेत, आणि ती एकाच मजकुराकडून करून घेण्याचा हट्ट समीक्षक, वाचक आणि संकेतस्थळे असे आपण सगळेच धरतो.

माझी अडचण अशी की आता न वाचणे हेच अशक्य झाले आहे. मी समीक्षा उघडत नाही, पण मथळा आणि तारे समोर येऊन उभे राहतात. यातून कोणी वाट काढली आहे का?

अबोली

मी बराच वेळ नुसती वाचत होते, पण आता लिहितेच. इथे बहुतेकांनी ‘आधी वाचणे म्हणजे अरसिकपणा’ असा सूर लावला आहे, तो मला मान्य नाही. घरी लहान मूल आहे. दोघांनी मिळून चित्रपटाला जायचे तर कोणाला तरी विनंती करून मूल सोपवावे लागते, आणि अशी संधी फार क्वचित येते. ती मी डोळे झाकून का खर्च करू? मी समीक्षा आधी वाचते, पण तारे पाहून नाही. दोन समीक्षक माझ्या चांगल्या ओळखीचे झाले आहेत, म्हणजे वाचून वाचून. त्यांतल्या एकाशी माझे कधीच जुळत नाही. त्याला जे ‘रेंगाळलेले’ वाटते ते मला बहुधा आवडते, आणि तो ‘वेगवान, खिळवून ठेवणारा’ म्हणाला की मी घरीच बसते. असा भरवशाचा विरोधक मिळणे हे मोठे भाग्य आहे. धागाकर्त्यांनी मथळ्यापासून पळण्यापेक्षा असा एखादा शोधावा.

कोरडी शाई यांना एक विचारायचे आहे. तुम्ही स्वतः लिहिण्याआधी दुसऱ्या समीक्षकांचे वाचत होतात का?

शेवटची रांग

अबोली, तुमच्या त्या विरोधकाचा स्तंभ मीही वाचू लागेन म्हणतो, कारण ‘रेंगाळलेले’ मलाही आवडते.

कोरडी शाई

अबोली, नाही, अजिबात नाही. लिहून दिल्याशिवाय दुसऱ्याचे काही वाचायचे नाही हा बहुतेकांचा अलिखित नियम होता, आणि तो मी कसोशीने पाळला. पण वाचण्यापासून दूर राहता येते, ऐकण्यापासून नाही. खेळ संपला की सगळे समीक्षक दाराशी घोटाळतात. थोडा वेळ कोणी काही बोलत नाही, कारण पहिले बोलून फसायची प्रत्येकाला धास्ती असते. मग एखादे ज्येष्ठ गृहस्थ ‘काही जमले नाही बुवा’ एवढे म्हणतात आणि जिना उतरू लागतात. दुसऱ्या दिवशी निम्म्या अंकांत ‘काही जमले नाही’ याचेच वेगवेगळ्या शब्दांतले अवतार असत. मला एखादा चित्रपट विशेष आवडला किंवा फारच खटकला, की मी नामावली संपायच्या आत उठून मागच्या दाराने बाहेर पडत असे.